ऊब

नाताळ उलटून तीन दिवस झाले होते. कामाची घाई नव्हती, म्हणून खिडक्या बसवणाऱ्या बाबांनी दुपारी अंगणात शेगडी पेटवून मासे आणि मक्याची कणसं भाजली. जेवणं आटोपली तरी निखारे लालबुंदच होते.

"एवढी धग वाया कशाला घालवायची?" म्हणत त्यांनी शेगडी उचलून थेट बैठकीच्या खोलीत आणली.

"अहो, खिडकी जरा किलकिली ठेवू का?" आईनं विचारलं.

"आणि ऊब काय शेजाऱ्यांना वाटायची? माझ्या हातची खिडकी आहे. वाऱ्याची बिशाद नाही आत शिरायची!"

आई हसली. थोड्या वेळानं म्हणाली, "डोकं जड झालंय हो."

"चार कणसं हाणल्यावर दुसरं काय होणार!"

आईनं सोफ्यावरच मान टाकली. मुलगी गालिच्यावर केव्हाच झोपली होती. बाबांच्याही डोळ्यांवर झापड आली.

मुलीची नवी आगगाडी तेवढी तिघांभोवती गोल गोल फिरत राहिली. खोक्यात सेल निघाले नव्हते, म्हणून नाताळच्या सकाळी बाबांनी छताला लावलेल्या, विषारी वायूचा इशारा देणाऱ्या भोंग्यातले काढून तिच्यात घातले होते.