वरच्या खोलीतली बुरशी

"किल्ली हरवलीय म्हटलं ना!" आत्या पुन्हा म्हणाली आणि जिन्याच्या पहिल्याच पायरीवर फतकल मारून बसली. आता या बाईला उठवायचं कुणी?

बुरशीवाल्यानं तिच्या भाच्याकडे पाहिलं. भाचा नुसता हसला.

जुन्या घरांच्या ओल्या भिंती बऱ्या करणं हा त्याचा धंदा, म्हणून सगळे त्याला बुरशीवालाच म्हणत. भाच्यानं त्याला स्वतःच्या गाडीतून आणलं होतं आणि वाटेत सगळं सांगितलं होतं. आत्या एकटी राहते. घर दगडी, पणजोबांच्या वेळचं. हल्ली फोन केला की खोकला ऐकू येतो, बुरशीचाच असणार. तिला कायमचं आपल्याकडे न्यायचंय, पण ती ऐकेल तर शपथ. "घर राहण्यालायक नाही, एवढं तुम्ही सांगा. माझं नाही, तुमचं तरी ऐकेल." बायकोही बरेच दिवस माहेरी गेलेली, घर खायला उठतं, आत्या आली तर तेवढीच सोबत. इतकी माया करणारा भाचा मिळायला नशीब लागतं, असं बुरशीवाल्याला वाटलं.

खालच्या खोल्या त्यानं भिंतींवर टिचक्या मारत तपासल्या. चुन्याचा गिलावा ठणठणीत होता. जिन्यावरून मात्र तो ओळखीचा कुबट वास खाली येत होता.

"वर बघितल्याशिवाय मी काय सांगणार, आत्या?"

"खालचं बघितलंत ना? मी खालीच राहते. माझं हे घर सुटलं तर सगळंच सुटलं. सांगून टाका, काही नाही म्हणून."

"आत्या, किती हट्ट करशील गं?" भाचा समजुतीच्या सुरात म्हणाला. "थांब, गाडीतून दांडा आणतो. कुलूपच तोडू."

गल्ली अरुंद, त्यामुळे गाडी पार टोकाला लावलेली. तो दाराबाहेर पडला मात्र, आत्या टुणकन उठली. कमरेची किल्ली काढून तिनं बुरशीवाल्याच्या हातात कोंबली.

"भाऊ, तुमच्या पाया पडते. वर एक भाडेकरू ठेवलीय. याला कळलं तर माझी धडगत नाही. तुम्ही झटकन बघून या आणि काही नाही म्हणा. अन् हो, खिडकीला हात लावू नका. तिला उजेड सोसत नाही." असं म्हणून ती भाच्याला अडवायला दाराशी जाऊन उभी राहिली.

बुरशीवाल्याला हसूच आलं. भाडेकरूच ना, एवढ्यासाठी इतका आटापिटा! पण ही बाई पाया पडायला निघाली होती. त्याला तिची दया आली.

वर खाटेवर एक तरुण बाई बसली होती. एक हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्या हातानं तोंडावर पदर दाबून ती खोकत होती. दोरीवर ओले कपडे. खिडकीच्या काचांना आतून वर्तमानपत्र चिकटवलेलं. खाटेच्या उशाशी भिंत काळीहिरवी झालेली.

"जिन्यावरून पडले," ती म्हणाली. त्यानं काहीच विचारलं नव्हतं.

त्यानं भिंतीला ओल मोजायचं यंत्र लावलं, छत पाहिलं, कोपरे चाचपले. गळती कुठेच नव्हती.

"भिंत बिचारी निर्दोष आहे," तो म्हणाला. "ही ओल आतलीच. तुमचा श्वास, हे कपडे आणि ही बंद खिडकी. बाहेर पडत नाही का कधी?"

तिनं नकारार्थी मान हलवली.

त्याला बरं वाटलं. घराला काही झालेलं नाही, असं तो आता छातीठोकपणे सांगू शकत होता. भाडेकरूचं नाव काढायची गरजच नव्हती. आत्याचं घर वाचलं!

फक्त हवा खेळायला हवी. लोक दारंखिडक्या लावून कोंडून घेतात आणि वर घराला नावं ठेवतात, हे पाहिलं की त्याचं डोकं फिरायचं. कुठल्याही घरात गेला की तो आधी खिडकी उघडायचा, मग बोलायचा. इथंच तेवढं राहिलं होतं.

"नको!" ती खाटेवरून उठली.

"अहो, उजेडानं कुणी मरत नाही," म्हणत त्यानं कागद टराटरा फाडला, खिट्टी ओढली आणि दोन्ही झडपा धाडकन बाहेर ढकलल्या. ऊन आत आलं. दोरीवरचे कपडे हलले.

"बघा, कसं मोकळं वाटतं!"

झडप ओढून घ्यायला ती धावली. एकाच हातानं तिला ती ओढता येईना. खिडकीत अर्धी वाकलेली असतानाच ती जागच्या जागी थिजली. बुरशीवाल्यानं तिच्या खांद्यावरून खाली पाहिलं.

गल्लीत भाचा दांडा घेऊन उभा होता आणि मान वर करून बघत होता.

"अगं, इथं होय तू?" तो गोड आवाजात म्हणाला. "नवऱ्याला असं शोधायला लावतात का?"