कोर्टात सोडू नका

बिलॉक्सी शहराच्या हायवेवर ज्याचे फलक जागोजागी लागलेत, त्या बोमॉन्ट वकिलासमोर शार्लीन बसली होती. गाडी खांबावर आदळली तेव्हा ती चालकाच्या शेजारी होती. उजवा हात असा चिरडला होता, की या हाताने कालवांचे शिंपले फोडणं आता विसरा, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. बारा वर्षं तिने दुसरं काम केलं नव्हतं.

“गाडी कोण चालवत होतं?” वकिलाने विचारलं.

“जाऊ द्या. मला दावा लावायचाच नाहीये.” ती उठायला लागली.

“बस खाली!” तिची आई लोरेटा कडाडली. “फोन बघत गाडी चालवली, त्याची शिक्षा तू का भोगायची?”

“आई, तू मध्ये पडू नकोस.”

“अन् तुम्ही हो, साहेब? फलकावर तर वाघासारखे दिसता. जरा समजावा की हिला!”

वकील शार्लीनकडे वळला. “हे बघा, भरपाई विमा कंपनीच देईल. पण दावा गाडी चालवणाऱ्याच्याच विरोधात लावावा लागतो. भर कोर्टात त्याची चूक सिद्ध करावी लागते. तिथे दयामाया चालत नाही. नाव सांगा.”

शार्लीन पुन्हा उठून दाराकडे निघाली.



लोरेटाने पर्समधून स्वतःचं लायसन्स काढून टेबलावर ठेवलं. “घ्या लिहून. आणि साहेब, कोर्टात मला अजिबात सोडू नका.”