खुराडं

ती प्रयोगशाळेत कोंबड्यांना गाठी आणणाऱ्या विषाणूवर काम करायची. "अगं आई, तुझ्या कोंबड्यांचा एखादा रोग माझ्याबरोबर येऊन आमच्या निरोगी पिल्लांना लागला तर सगळं काम पाण्यात जाईल. म्हणून घरी येता येत नाही, नियमच आहे तसा," असं ती तीन वर्षं फोनवर सांगत आली होती.

आज आईच्या आवाजामागे कलकलाट नव्हता.

"कोंबड्या कुठे गेल्या?"

"देऊन टाकल्या. लंगडीसुद्धा. खुराडं धुऊन चुना मारलाय. आता तरी येशील ना?"

घरच्या कोंबड्यांजवळ जाऊन आलेल्यानं तीन दिवस प्रयोगशाळेत पाऊल ठेवायचं नाही, एवढाच तो नियम होता.