पाळण्यातलं बाळ

जाऊबाईंना सगळंच माझ्याआधी जमतं. घर मांडायचा तो नवा ऑनलाइन खेळही त्यांनीच आधी सुरू केला, आणि मला आमंत्रण धाडलं, "ये गं, बघ तरी माझं घर!"

दुपारी माझी वर्षभराची लेक काही केल्या झोपेना. तासभर झोके देऊन मी हात टेकले, तिला पाळण्यात रडत ठेवलं आणि शेजारच्या खोलीत कॉम्प्युटर उघडला.

माझ्या खेळातल्या घराला नुसत्या चार भिंती. त्यांच्याकडे पडदे, गालिचा, शिवाय पाळणा. माझा नुसता जळफळाट झाला.

त्या पाळण्यात बाळ होतं. डाव्या गुडघ्यावर निळी पट्टी. रांगताना खरचटलं म्हणून सकाळीच मी लेकीला तशी लावली होती. कुणाला सांगितलंही नव्हतं.

मी घाईघाईने बाळावर क्लिक केलं. अक्षरं उमटली : 'पाहुण्यांना बाळ उचलता येत नाही.'

पलीकडचं रडणं एकदम थांबलं.

मी धावले. पाळणा संथ हलत होता. लेक गाढ झोपली होती, ओठांवर हसू. माझ्या हातून ती अशी कधीच झोपली नव्हती. आधी हेवा वाटला, भीती नंतर.

तिला उचलायला वाकले, तोच कॉम्प्युटरमधून जाऊबाईंचा दबका आवाज आला, "अगं, हात नको लावूस. आत्ता कुठे डोळा लागलाय माझ्या लेकीचा."