नाखऱ्यांचं तेल

विहीर कोरडीच निघणार, असं समुद्रातल्या त्या रिगवर सगळे धरूनच चालले होते. तेवढ्यात भूवैज्ञानिक नाखऱ्यांनी खालून आलेली दगडाची कच अतिनील दिव्याखाली धरली आणि ती निळसर चमकली. म्हणजे दगडात तेल. रिगप्रमुख खोतांनी लगेच मुंबईला फोन लावून आणखी शंभर मीटर खोदायची परवानगी मिळवली.

जेवणानंतर नाखऱ्यांचा रिकामा हात सहज त्या दिव्याखाली गेला. बोटंही तशीच निळसर चमकत होती. घरून निघताना बायकोने दिलेलं सुवासिक तेल त्यांनी सकाळी डोक्याला चोपडलं होतं.

ते तसेच खोतांकडे धावले. "साहेब, घोळ झालाय. ते तेल दगडातलं नव्हतं, माझ्या डोक्याचं होतं."

खोतांनी चहाचा कप खाली ठेवला. "मुंबईला तेल आहे म्हणून सांगून बसलोय. आता नाही म्हणायचं तर विहिरीला म्हणू दे. मी नाही म्हणणार."

आणखी सत्तर मीटर खाली खरोखरचं तेल लागलं.

सत्कारात नाखऱ्यांच्या तीक्ष्ण नजरेचं कौतुक झालं. त्यांना राहवेना. माइकवरून त्यांनी खरं काय ते सांगून टाकलं. लोक पोट धरून हसले आणि त्यांच्या विनयासाठी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

पुढच्या विहिरीच्या मुहूर्ताला खोत नारळ घेऊन उभे होते. नाखऱ्यांकडे लक्ष गेलं आणि त्यांचा हात वरच थांबला.

"नाखरे, डोकं कोरडं दिसतंय," ते म्हणाले. "जा, तेल लावून या. मग फोडतो."