फरशीचे दोन तुकडे

"कुंदा, फ्रीजचं दार पुन्हा उघडं! दूध नासलं." आठवड्यात तिसऱ्यांदा हे नव्या सुनेवर ओरडले. मी मेथी निवडत गप्प बसले, ते मला आजही टोचतं.

आमचे हे गवंडी. घरात पहिला फ्रीज आला तेव्हा त्यावर पाणसळ ठेवून, तिच्यातला बुडबुडा नेमका मधोमध येईपर्यंत ह्यांनी तो तासभर हलवला होता. ह्यांची भिंत कधी तसूभरही कलली नाही.

त्या दिवशी मात्र कुंदा रडली नाही. तिने दार अर्धं उघडून सोडून दिलं. ते तिथेच थांबलं.

"बाबा, फ्रीज अगदी पातळीत आहे, म्हणून दार आपणहून लागत नाही. पुढून जरा उचलायला हवा."

"तिरका? माझ्या घरात?"

"करंगळीच्या नखाएवढाच, बाबा."

हे उठून बाहेर गेले. मला वाटलं, आता दोन दिवस अबोला. पण ते फरशीचे दोन तुकडे घेऊन आले आणि फ्रीजच्या पुढच्या पायांखाली त्यांनी ते स्वतः सरकवले. वर पाणसळ ठेवली, तर बुडबुडा मधून पुढे गेला. त्याच्याकडे क्षणभर बघून ह्यांनी पाणसळ पिशवीत टाकली.

मग दार अर्धं उघडून सोडलं. ते हळूच लागलं.

"पोरी, चूक माझी होती," हे म्हणाले.

ह्यांनी बांधलेल्या इमारती गावात लोक दाखवायचे. मी मात्र आल्यागेल्याला आमचा तिरका फ्रीज दाखवायची.