हितसंबंध असल्यास सांगावे

"कुणाचे हितसंबंध असतील तर आताच सांगा," नगराध्यक्ष गॉर्डन टनर्ड म्हणाले आणि सगळ्यांच्या माना हिलरी क्रेसविककडे वळल्या.

हिलरी उठली. औषधांच्या दुकानांना सरकारनं जास्त निधी द्यावा, असा पहिला ठराव होता आणि गावातलं एकुलतं एक औषधाचं दुकान तिचंच होतं. ज्याचा स्वार्थ गुंतलेला असेल त्यानं ते सांगावं आणि चर्चेपुरतं सभागृहाबाहेर जावं, असा नियम. नियमांच्या बाबतीत हे गाव भलतंच सोवळं. दारापर्यंत जाताना ती दोनदा अडखळली आणि ते सगळ्यांना दिसलं.

त्यात नवल काहीच नव्हतं. गेल्या आठवड्यात तिच्या दुकानाची दर्शनी काच कुणीतरी दगडानं फोडली होती. सकाळी दूधवाल्याला पदपथभर काचांचा खच दिसला. दुपारपर्यंत शेजारपाजारच्या बायका फुलं आणि केक घेऊन हजर झाल्या. आपण दुकानावरच्या घरात झोपलो होतो, काही पाहिलं नाही, असं हिलरीनं पोलिसांना सांगितलं. तेव्हापासून दाराची घंटा वाजली तरी ती दचकत असे.

दगड कशासाठी, हे कुणी सांगायची गरज नव्हती. आजचा दुसरा ठराव तिनंच मांडला होता. युद्धातून जीव वाचवून आलेली सहा कुटुंबं हमरस्त्याकडेच्या एका हॉटेलात कोंबली होती. त्यांना गावातल्या बंद पडलेल्या शाळेत घरं करून द्यायची, असा तो ठराव. तो आपटणार हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. पण काच फुटली आणि ऑलिव्ह मार्चबँकबाई बदलल्या. या नगरसेविका एरवी दोन्हीकडे मान डोलावणाऱ्या. "दगड मारणाऱ्यांच्या बाजूनं मी हात वर करायची नाही," असं त्या भर बाजारात म्हणाल्या. तेव्हापासून सगळा खेळ त्यांच्या एका हातावर आला होता.

बाहेर हिरवळीवर या कुटुंबांना विरोध करणारी डेरेक पेलोची माणसं झेंडे घेऊन ओरडत होती. आपल्यातल्या कुणीही दगड मारलेला नाही, असं डेरेक आठवडाभर घसा फोडून सांगत होता. त्यावर कुणाचा विश्वास बसणार?

बाहेरच्या बोळात नदीन फ्रू नावाची तरुण पोलीस उभी होती. तिला पाहताच हिलरी जागीच थबकली.

"बसा मॅडम. घाबरू नका," नदीन म्हणाली. "चांगली बातमी आहे. सापडला तो."

"कोण?"

"रॉनी हॅकेट."

रॉनीला हिलरी वर्षानुवर्षं ओळखत होती. चाळिशी उलटलेला, कुठल्याच कामावर न टिकणारा. दर शुक्रवारी म्हाताऱ्या आईची औषधं न्यायला मात्र न चुकता यायचा. काल त्यानं पबमध्ये सगळ्यांसमोर छाती पुढे काढून सांगितलं होतं की काच मीच फोडली. लोकांनी त्याला बिअर पाजली. पोलिसांनी विचारलं तेव्हाही त्यानं तेच सांगितलं.

"अगं, तो काय वाटेल ते बोलतो," हिलरी म्हणाली. "मागे नदीत मगर पकडली म्हणून सांगत होता."

"मगरीबद्दल त्यानं सही करून जबाब दिला नव्हता, मॅडम."

"मला तक्रारच करायची नाही. सोडून दे त्याला."

नदीननं तिच्याकडे मायेनं पाहिलं. "तुम्ही फार चांगल्या आहात हो. पण आता ते तुमच्या हातात राहिलं नाही. त्याच्या नावावर आधीच्याही भानगडी आहेत. या वेळी तो आत जाणार."

खरं तर आता भीती कमी व्हायला हवी होती. उलट ती वाढली. रॉनी आत गेला तर त्याच्या आईकडे, एडनाकडे, कोण बघणार, असं काहीतरी ती पुटपुटली, तेवढ्यात तिला आत बोलावणं आलं.

औषधांचा ठराव एकमतानं पास झाला होता. गोळ्या सगळ्यांनाच लागतात.

"दुसरा ठराव," नगराध्यक्ष म्हणाले. "कुणाचे हितसंबंध?"

तो नेहमीचा प्रश्न होता, कुणी उत्तराची वाट पाहत नसे. पण हिलरी अर्धवट उठली होती. समोर मार्चबँकबाई तिच्याकडे बघून धीर द्यावा तशा हसत होत्या.

"काही म्हणायचंय का, हिलरी?"

"नाही," ती म्हणाली आणि खाली बसली.

चर्चा तापली. आपल्याच म्हाताऱ्यांना डॉक्टर मिळत नाही, आणखी तोंडं कशाला, असं एक जण म्हणाला. त्यांच्यातला एखादा डॉक्टर असेलही, असं दुसऱ्यानं सुनावलं. हिलरीच्या कानात यातलं काही शिरत नव्हतं. शेवटी हात मोजले. मार्चबँकबाईंचा हात वर होता. ठराव एका मताच्या फरकानं पास झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि हिलरीला मिठ्या मारल्या. बिचारी अजून घाबरलेलीच आहे, असं ते एकमेकांना म्हणाले.

बोळात एडना हॅकेट वॉकर धरून उभी होती. एवढं चालून आल्यानं तिला धाप लागली होती.

"त्या रात्री तो घरीच होता गं, पोरी," ती म्हणाली. "माझे पाय चोळत बसला होता. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी शाबासकी दिली, म्हणून फुशारला गाढव. पण आईचं कोण ऐकतंय? तुझा तरी विश्वास आहे ना, की तो दगड त्यानं नाही मारला?"

हिलरीनं तिचा हात धरला.

"आहे, एडना," ती म्हणाली.

विश्वासाचा प्रश्नच नव्हता. दगड हिलरीनं स्वतः मारला होता.